शेतातील कोळी, ॲलर्जी आणि आनुवंशिकता

एकाच फळबागेत, एकाच हंगामात, खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या माणसांपैकी एखाद्यालाच शिंकांचे सत्र सुरू होते, डोळे चुरचुरतात, रात्री छाती भरून येते व श्वास घेताना घरघर ऐकू येते. त्याचे सोबती तीच हवा व तीच धूळ घेऊन घरी परततात आणि स्वस्थ झोपतात. असे का व्हावे, हा प्रश्न जुना आहे. ग्रामीण भागात त्याची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिले, ‘त्याची प्रकृतीच नाजूक’. दुसरे, ‘त्यांच्या घराण्यातच दमा आहे’. या दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. परंतु अंशालाच पूर्ण सत्य मानले की त्याचे दुष्परिणाम होतात. रोग्याला दैवाधीन समजून त्याचे उपचार लांबतात, मुलामुलींच्या सोयरिकीच्या वेळी ‘घराण्यातला दमा’ कुजबुजीचा विषय होतो आणि ज्या शेतात वा कोठारात रोगाचे प्रत्यक्ष कारण दडलेले असते तिकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

गेल्या सुमारे शंभर वर्षांत ॲलर्जी, म्हणजेच अधिहर्षता, आणि आनुवंशिकता यांच्या संबंधावर पुष्कळ संशोधन झाले आहे. त्याचा निष्कर्ष थोडक्यात सांगावयाचा तर असा की, माणसाला वारशाने मिळते ती ॲलर्जीची प्रवृत्ती; प्रत्यक्ष रोग उद्भवण्यास बाह्य कारणाची जोड लागते. शेतीव्यवसायात अशा बाह्य कारणांपैकी एक महत्त्वाचे, परंतु उपेक्षित राहिलेले कारण म्हणजे पिकांवर व साठवलेल्या धान्यात वाढणारे सूक्ष्म कोळी होत.

दृष्टीआड राहणारा जीव

येथे कोळी म्हणजे घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा परिचित कोळी नव्हे. शेतकरी ज्यास ‘लाल कोळी’ अथवा ‘कोळी कीड’ म्हणतात तो हा जीव होय. शास्त्रीय वर्गीकरणानुसार तो कीटकही नाही. कीटकांना सहा पाय असतात, तर प्रौढ कोळ्याला बहुधा आठ. विंचू, गोचीड व जाळे विणणारा कोळी यांच्याच कुळातील हा लहानसा आप्त आहे. त्याची लांबी साधारणतः अर्ध्या मिलिमीटरपर्यंत असते. त्यामुळे पानाच्या मागील बाजूस तो शेकड्यांनी असला तरी नुसत्या डोळ्यांना तांबूस वा पिवळसर ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही.

मानवी आरोग्याच्या दृष्टीने या जीवांचे तीन गट पाडता येतात. पहिला गट वनस्पतींवर जगणाऱ्या कोळ्यांचा. पानांतील पेशींचा रस शोषल्याने पानांवर फिकट ठिपके पडतात, पुढे पाने करपल्यासारखी दिसतात व त्यांवर बारीक जाळी पसरते. उष्ण व कोरडे हवामान या गटाला विशेष मानवते. दोन ठिपक्यांच्या कोळ्याची अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतची वाढ उन्हाळ्यात सुमारे एका आठवड्यात पूर्ण होते आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. दुसरा गट साठवणुकीतील कोळ्यांचा. धान्य, पेंड, पीठ व गवत दमट जागी राहिले की हे कोळी वाढतात. तिसरा गट घरातील धुळीत, विशेषतः गाद्या-उशांत राहणाऱ्या कोळ्यांचा. घरातील धुळीच्या ॲलर्जीचे मुख्य कारण हे कोळीच असल्याचे नेदरलँड्समधील लायडन येथील फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले.

यांपैकी कोणताही कोळी माणसाचे रक्त शोषत नाही वा त्याच्या शरीरात घर करीत नाही. उपद्रव होतो तो त्याच्या अवशेषांमुळे. त्याची विष्ठा, टाकलेली कात व मृत शरीराचा चुरा यांचे कण हवेत मिसळतात. फांद्या हलविताना, फळे तोडताना, मळणी करताना किंवा जुनी पोती झटकताना ते श्वासाबरोबर नाकात व फुप्फुसात जातात. या कणांतील प्रथिने हीच ॲलर्जीची ठिणगी ठरतात.

जेजू बेटावरील अनुभव

पिकांवरील कोळी व माणसाचा दमा यांचा संबंध किती निकटचा असू शकतो, याचे ठळक उदाहरण दक्षिण कोरियातील जेजू बेटाचे आहे. हे ज्वालामुखीजन्य बेट संत्रावर्गीय फळांच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. १९६० च्या दशकापासून तेथे या लागवडीचा झपाट्याने विस्तार झाला. थोड्या झाडांच्या उत्पन्नावर मुलाचे उच्च शिक्षण होऊ शके, म्हणून या झाडाला तेथील लोक ‘महाविद्यालयाचे झाड’ म्हणू लागले. बेटाच्या अर्थव्यवस्थेत या फळबागांचे स्थान केवढे मोठे आहे, याची यावरून कल्पना यावी.

फळबागांबरोबर त्यांच्यावरील कीडही वाढली. लिंबूवर्गीय झाडांवरील लाल कोळी हा तिचा एक प्रमुख घटक. अनेक देशांतील अनुभव असा आहे की, व्यापक परिणामाची कीटकनाशके वारंवार फवारल्याने कोळ्यांना खाणारे मित्रकीटक व भक्षक कोळी नष्ट होतात. पिकावरील कोळ्यांत मात्र अल्पावधीत प्रतिकारक्षमता निर्माण होते. परिणामी फवारणी वाढूनही कोळी कमी होत नाहीत, किंबहुना त्यांचा उद्रेक होतो.

बागाईतदारांना होणारा नाक वाहण्याचा व धाप लागण्याचा त्रास फुलांच्या परागांमुळे, फवारणीच्या औषधांमुळे वा घरातील धुळीमुळे होत असावा, असे समजणे स्वाभाविक होते. तथापि, कोरियातील वैद्यकीय संशोधकांनी या बागाईतदारांच्या त्वचेवर निरनिराळ्या पदार्थांच्या अर्कांची चाचणी घेतली, तेव्हा वेगळेच चित्र पुढे आले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, दमा व नासिकाशोथ असलेल्या संत्रा बागाईतदारांत संवेदनशीलता निर्माण करणारा सर्वांत सामान्य घटक लाल कोळी हाच होता. त्याच वर्षी सफरचंदाच्या बागांत काम करणाऱ्यांच्या पाहणीतही तेथील दोन जातींचे कोळी कामाशी निगडित दम्याचे महत्त्वाचे कारण असू शकतात, असे दिसून आले. पुढील वर्षी आणखी एक बाब प्रकाशात आली. संत्र्यांच्या बागांच्या परिसरात राहणाऱ्या मुलांतही ही संवेदनशीलता मोठ्या प्रमाणावर आढळली. म्हणजे प्रश्न केवळ बागेत राबणाऱ्या माणसापुरता मर्यादित नव्हता. बागेच्या कुंपणापलीकडील घर व शाळाही त्याच्या कक्षेत येत होती.

हा अनुभव एकट्या कोरियाचा नाही. स्पेन व इटलीतील हरितगृहांत काम करणाऱ्या मजुरांत दोन ठिपक्यांच्या कोळ्याची ॲलर्जी १९९० च्या दशकात नोंदली गेली. त्यापूर्वी, १९७९ मध्ये, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरील शेतकऱ्यांत गवताच्या कोठारात काम करताना उद्भवणाऱ्या दम्याचे कारण साठवणुकीतील कोळी असल्याचे आढळले व त्यास ‘कोठारातील ॲलर्जी’ असे नाव मिळाले. स्वीडनच्या गोटलंड बेटावरील शेतकऱ्यांच्या पाहणीनेही १९८० च्या दशकात याला दुजोरा दिला.

या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान होती. कोळ्यांचा संपर्क अनेकांना घडला, परंतु आजारी सर्वच पडले नाहीत. हा भेद समजण्यासाठी शरीरातील घडामोडींकडे वळले पाहिजे.

शरीरात काय घडते?

‘ॲलर्जी’ हा शब्द ऑस्ट्रियन वैद्य क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रथम वापरला. बदललेली प्रतिक्रिया, असा त्याचा आशय. शरीराची संरक्षणव्यवस्था एरवी रोगजंतूंशी लढते. काही व्यक्तींत ती निरुपद्रवी पदार्थालाही शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते. यालाच ॲलर्जी म्हणतात.

या प्रतिक्रियेस कारणीभूत असा काही घटक रक्तात असतो, हे १९२१ मध्ये जर्मनीतील प्राउस्निट्झ व क्यूस्टनर यांच्या प्रयोगाने सिद्ध झाले. क्यूस्टनर यांना मासळीची ॲलर्जी होती. त्यांच्या रक्तद्रवाचा अंश प्राउस्निट्झ यांच्या त्वचेत टोचून नंतर त्याच जागी मासळीचा अर्क टोचताच तेथे गांधी उठली. हा घटक कोणता, हे कळण्यास मात्र आणखी साडेचार दशके लागली. अमेरिकेत काम करणारे जपानी शास्त्रज्ञ दांपत्य किमिशिगे व तेरुको इशिझाका यांनी १९६६ मध्ये आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिक यांनी १९६७ मध्ये, स्वतंत्रपणे, तो शोधून काढला. १९६८ मध्ये त्यास इम्युनोग्लोब्युलिन-ई, संक्षेपाने ‘आयजीई’, असे नाव देण्यात आले.

आयजीई हे एक प्रतिपिंड आहे. कोळ्याच्या प्रथिनाचा संपर्क घडल्यावर प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीच्या शरीरात त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई तयार होते आणि नाक, डोळे, श्वासनलिका व त्वचा येथील ‘मास्ट’ नावाच्या पेशींवर जाऊन बसते. या पहिल्या टप्प्यात बाहेरून काहीच जाणवत नाही. पुढे तेच प्रथिन पुन्हा शरीरात शिरले की ते या प्रतिपिंडांना चिकटते, मास्ट पेशी फुटल्यागत आपला साठा रिता करतात व हिस्टामिनसारखी द्रव्ये बाहेर पडतात. त्यामुळे नाक वाहते, डोळ्यांना खाज सुटते, श्वासनलिकांचे स्नायू आकुंचन पावतात, आतील अस्तर सुजते व दम लागतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानी येतील. एक म्हणजे ‘इतकी वर्षे हेच काम केले, तेव्हा काही झाले नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. संवेदनशीलता काही हंगामांच्या संपर्कानंतरही निर्माण होऊ शकते. दुसरे, आयजीई तयार होणे व रोग होणे या दोन पायऱ्या आहेत. त्वचेची चाचणी होकारार्थी येऊनही कोणतीही लक्षणे नसलेले अनेक लोक असतात.

वारसा प्रवृत्तीचा, रोगाचा नव्हे

ॲलर्जी काही कुटुंबांत अधिक आढळते, हे निरीक्षण प्रथम मोठ्या प्रमाणावर मांडले ते न्यूयॉर्कमधील कुक व व्हॅन्डर व्हीर या वैद्यांनी. १९१६ मध्ये त्यांनी ५०४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे निम्म्या रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणाला ना कोणाला ॲलर्जी होती. विशेष म्हणजे बापाला एका पदार्थाची, तर मुलाला भलत्याच पदार्थाची ॲलर्जी, असेही वरचेवर दिसून आले. वारसा विशिष्ट ॲलर्जीचा नसून ॲलर्जीक्षमतेचा आहे, हा महत्त्वाचा विचार त्यातून पुढे आला.

आनुवंशिकतेचा वाटा अजमावण्याचा एक मार्ग म्हणजे जुळ्या भावंडांचा अभ्यास. एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्यांतील जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. निराळ्या बीजांडांपासून झालेल्या जुळ्यांत ती सख्ख्या भावंडांइतकीच सारखी असतात. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील ३,८०८ जुळ्या जोड्यांच्या अभ्यासात दमा व परागज्वर या दोन्हींबाबत पहिल्या प्रकारच्या जुळ्यांत अधिक साम्य दिसले. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे यावरून सिद्ध होते. परंतु जनुके एकसारखी असूनही एकाला दमा आहे व दुसऱ्याला नाही, अशाही जोड्या असतातच. रोग सर्वस्वी जनुकांवर अवलंबून असता, तर असे घडले नसते.

पुढे प्रत्यक्ष जनुकांचा शोध सुरू झाला. १९८९ मध्ये ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी ॲलर्जीच्या प्रवृत्तीचा संबंध अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाशी जोडला. आयजीई ज्या ग्राहकाच्या साह्याने मास्ट पेशीवर बसते, त्या ग्राहकाच्या एका घटकाचे जनुक याच भागात आहे. आयजीईची निर्मिती वाढविणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांची जनुके पाचव्या गुणसूत्रावर असून त्या भागाचा रक्तातील आयजीईच्या प्रमाणाशी असलेला संबंध १९९४ मध्ये दाखविण्यात आला. त्वचेचे बाह्य आवरण अभेद्य ठेवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातील दोष इसब व त्यासोबतच्या दम्याशी निगडित असल्याचे २००६ मध्ये, तर सतराव्या गुणसूत्रावरील एका भागाचा बालपणीच्या दम्याशी असलेला संबंध २००७ मध्ये उघड झाला.

कोणत्या पदार्थाची ॲलर्जी होईल, हे ठरविण्यातही जनुकांचा काही वाटा असतो. बाहेरून आलेल्या प्रथिनाचे तुकडे संरक्षक पेशींपुढे मांडणारी प्रथिने सहाव्या गुणसूत्रावरील जनुकांपासून तयार होतात आणि ती माणसागणिक भिन्न असतात. एकाची पेशी जो तुकडा ठळकपणे पुढे मांडते, तो दुसऱ्याची मांडू शकत नाही. अमेरिकेतील एका तणाच्या परागातील लहानशा प्रथिनाची ॲलर्जी या जनुकांच्या एका विशिष्ट प्रकाराशी निगडित असल्याचे १९८२ मध्ये दाखविण्यात आले होते. एकाच बागेतील दोघांपैकी एकाला कोळ्याची व दुसऱ्याला परागांची ॲलर्जी का होते, याचा उलगडा अंशतः यातून होतो.

या संशोधनाचे सार असे की, ‘दम्याचे जनुक’ असे एकच जनुक नाही. अनेक जनुके मिळून प्रवृत्ती घडवितात आणि बहुतेकांचा स्वतंत्र प्रभाव अल्प असतो. त्यामुळे रक्तातील जनुके तपासून अमुक मजुराला कोळ्यांचा दमा होईल व तमुकाला होणार नाही, असे भाकीत करता येत नाही. शेतकऱ्यांच्या परिचयाची उपमा द्यावयाची तर, गव्हाचे एखादे वाण तांबेऱ्याला लवकर बळी पडते. परंतु तांबेऱ्याचे बीजाणू आले नाहीत व हवामान पोषक नसले, तर तेच वाण निरोगी उभे राहते. वाण म्हणजे रोग नव्हे. माणसाबाबत तर वाण बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बदलावयाची ती परिस्थिती.

परिस्थितीचे सामर्थ्य

परिस्थितीचा प्रभाव किती असू शकतो, याचे उद्बोधक उदाहरण अमेरिकेतील आमिश व हटराइट या दोन शेतकरी समाजांचे आहे. दोघांचेही पूर्वज मध्य युरोपातून आले. त्यांची जनुकीय ठेवण पुष्कळशी सारखी आहे व राहणीतही अनेक साम्ये आहेत. मात्र आमिश लोक घोड्यांच्या साह्याने पारंपरिक शेती करतात व त्यांचे गोठे घरालगत असतात. हटराइट लोकांची शेती मोठी, यांत्रिक व घरांपासून दूर असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद केल्याप्रमाणे, आमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के होते. लहानपणापासून गोठ्यातील विविध जिवाणूंच्या अंशांशी येणाऱ्या संपर्कामुळे आमिश मुलांच्या संरक्षणव्यवस्थेला वेगळे वळण मिळते, असे संशोधकांना आढळले.

यावरून शेतातील सर्वच धूळ हितकर, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ऑर्कनीतील कोठार व जेजूतील बाग यांनी त्याच्या उलट बाजू दाखविली आहे. संपर्क कोणत्या वयात, कोणत्या घटकाशी व किती प्रमाणात येतो, यावर परिणाम अवलंबून असतो. जवळपास सारखाच वारसा असलेल्या दोन समाजांत रोगाचे प्रमाण चौपटीने भिन्न असू शकते, हा त्यातील आपल्या दृष्टीने महत्त्वाचा धडा होय.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रात कोळी कीड नवी नाही. ज्वारी, वांगी, भेंडी व द्राक्षे यांवर ती आढळते. मिरचीवर पिवळ्या कोळ्याचा उपद्रव होतो. कोकणातील नारळावरही एका जातीचा कोळी आहे. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे व इतर भागांतील हरितगृहांत गुलाबासारखी फुले पिकविली जातात. तेथील उबदार व बंदिस्त वातावरणात दोन ठिपक्यांचा कोळी लवकर फोफावतो. स्पेन-इटलीतील हरितगृहांत मजुरांना ज्याचा त्रास झाला, तो हाच कोळी. पावसाळ्यात दमट गोदामात राहिलेले धान्य व पेंड यांत साठवणुकीतील कोळी वाढू शकतात. या कामांत निवडणे, वेचणे, खुडणे व झटकणे ही कामे बहुतांशी स्त्रियांकडे असतात, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे.

आजवर या किडीचा विचार पिकाच्या नुकसानीच्या दृष्टीने झाला. तिच्या हिशेबात माणसाच्या श्वासाचीही नोंद व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.

करावयाच्या उपाययोजना

पहिली पायरी निदानाची. कामावर असताना किंवा कामानंतर काही तासांनी वाढणारा व सुटीच्या दिवसांत कमी होणारा नाकाचा वा छातीचा त्रास, ही व्यवसायजन्य ॲलर्जीची महत्त्वाची खूण होय. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयरोगाची तपासणी आधी करून घेणे अगत्याचे आहे. मात्र थुंकीत जंतू नाहीत एवढ्यावर तपास थांबू नये. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजण्याचे एक साधे, स्वस्त उपकरण मिळते. कामाच्या व सुटीच्या दिवशी त्यावर घेतलेल्या नोंदींतील फरक वैद्याला पुष्कळ सांगून जातो. त्वचेची चाचणी पंधरा-वीस मिनिटांत होते, परंतु ती तज्ज्ञांकडूनच करून घ्यावी. घरातील धुळीच्या कोळ्याची व पिकावरील कोळ्याची प्रथिने सर्वस्वी एक नसल्याने, एकाची चाचणी नकारार्थी आली म्हणून दुसऱ्याची शक्यता फेटाळता येत नाही. वैद्यास आपला व्यवसाय व हाताळत असलेले पीक आवर्जून सांगणे यासाठीच आवश्यक असते.

दुसरी पायरी उपचाराची. श्वासावाटे घ्यावयाच्या औषधांची ‘सवय लागते’, हा समज निराधार आहे. त्यातील सूज कमी करणारे औषध अल्प मात्रेत थेट श्वासनलिकेत पोहोचते व नियमित घेतल्यास दमा आटोक्यात राहतो. ते अर्धवट सोडल्यानेच झटके वाढतात. व्यवसायजन्य दम्यात कारणापासून लवकर दूर झाल्यास सुधारणेची शक्यता अधिक असते. संपर्क वर्षानुवर्षे चालू राहिल्यास दमा कायमचा जडू शकतो.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची पायरी संपर्क कमी करण्याची. शेतात कीटकनाशकांचा, विशेषतः व्यापक परिणामाच्या कीटकनाशकांचा, अनिर्बंध वापर टाळल्यास कोळ्यांचे नैसर्गिक शत्रू टिकून राहतात. हरितगृहांत भक्षक कोळी सोडून उपद्रवी कोळ्यांचे नियंत्रण करण्याची पद्धत १९६० च्या दशकापासून युरोपात विकसित झाली आहे. गंधकाची भुकटी कोळ्यांवर उपयुक्त असली तरी तिची धूळ श्वासनलिकेला झोंबते. म्हणून धुरळणीच्या वेळी दम्याच्या रुग्णाला त्या कामापासून दूर ठेवावे. धान्य चांगले वाळवून, सुमारे १२ टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा न ठेवता, हवेशीर व कोरड्या जागी साठविल्यास कोळ्यांना वाढण्यास वाव मिळत नाही. रिकामी पोती घरात वा घराच्या ओसरीवर झटकू नयेत. तोंडाला बांधलेला रुमाल सूक्ष्म कण अडविण्यास अपुरा पडतो. धुळीच्या कामासाठी चेहऱ्यास घट्ट बसणारी, कण गाळणारी मुखपट्टी वापरावी. काम संपल्यावर हातपाय-तोंड धुऊन कपडे बदलले तर हे कण अंथरुणापर्यंत पोहोचत नाहीत.

जबाबदारी कोणाची?

ग्रामपंचायत सदस्यांना गोदामाची दुरुस्ती व वायुवीजन, सामाईक वाळवणीची जागा आणि मजुरांसाठी हातपाय धुण्याची सोय, या बाबी गावाच्या विकास आराखड्यात समाविष्ट करता येतील. कृषी व आरोग्य या दोन खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी परस्परांना माहिती दिल्यास, ज्या हंगामात कोळ्यांचा उद्रेक होतो त्या हंगामात गावातील दम्याच्या रुग्णांकडे अधिक लक्ष पुरविणे शक्य होईल. शिक्षकांचे स्थान यात विशेष आहे. बागांलगतच्या शाळेत एखादे मूल हंगामागणिक गैरहजर राहत असेल, खेळताना लवकर धापा टाकत असेल वा वर्गात सतत नाक चोळत असेल, तर ते आळशी किंवा दुर्बल आहे असे न मानता पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखविणे, हे शिक्षक सहज करू शकतात.

घराण्याच्या इतिहासाचा उपयोगही याच दृष्टीने करावयाचा आहे. आईवडिलांपैकी एकाला दमा, इसब वा नाकाची ॲलर्जी असल्यास मुलात तिची शक्यता वाढते, दोघांना असल्यास आणखी वाढते. ही माहिती मुलाकडे लवकर लक्ष देण्यासाठी मोलाची आहे. एखाद्याला कामावरून दूर करण्यासाठी, विम्यात वा मजुरीत डावलण्यासाठी किंवा मुलीची सोयरीक मोडण्यासाठी तिचा वापर करणे अशास्त्रीय तर आहेच, पण अन्यायाचेही आहे. ज्याच्या अंगी ॲलर्जीची प्रवृत्ती आहे, तो आजारी पडून बागेतील वा कोठारातील दोषाची सूचना सर्वांआधी देत असतो. ती सूचना ऐकून कोठार कोरडे केले व बागेतील फवारणीला शिस्त लावली, तर त्याचा लाभ त्याला तर होतोच. पण ज्यांना आज काही होत नाही, त्यांनाही होतो.

जनुके कोणी निवडून घेत नाही. कोठारातील ओल, पोत्यांतील धूळ व फवारणीचे वेळापत्रक मात्र माणसाच्या हाती आहे. कौटुंबिक इतिहास जाणून घेऊन या हाती असलेल्या गोष्टींत सुधारणा घडवून आणणे, हाच शेतीतील ॲलर्जीच्या प्रश्नावरील व्यवहार्य मार्ग होय.